दोन बोटांची वाट

"भाऊ, एक मिनिट. मोबाइल चालू करू द्या," सुदर्शन म्हणाला.

सावळेराम थांबला नाही. भट्टीचं दार वर गेलं होतं, पिनांची टोपली साखळीला लटकून बाहेर आली होती आणि लाल झालेलं पोलाद कुणाच्या मोबाइलसाठी खोळंबत नसतं. त्याने टोपली तेलाच्या टाकीवर आणली आणि एका दमात खाली सोडली. तेलाने भक्कन पेट घेतला, ज्वाळा पुरुषभर वर गेली आणि टोपली पूर्ण बुडाली तशी आपोआप विझली. मग नेहमीचा जाड पांढरा धूर. नवी भट्टी विकणाऱ्या कंपनीचा माणूस पुण्याहून आला होता, त्याने नाकाला रुमाल लावला. सावळेराम लांब आकड्याने टोपली तेलात वरखाली हलवत राहिला, मान एका बाजूला कलती करून. आधी तेल नुसतं फुसफुसतं, कारण तापलेल्या पोलादाभोवती वाफेचं पांघरूण तयार होतं. मग ते पांघरूण फाटतं आणि तेल खदखदा उकळतं. मग आवाज बसत जातो. पुरता बसला की टोपली वर घ्यायची. चार-पाच मिनिटांचं काम, आणि तो ते सव्वीस वर्षं करत होता.

"आला का व्हिडिओ?" त्याने टोपली निथळत ठेवून विचारलं.

"धूर तेवढा आला," सुदर्शन म्हणाला.

मंचरच्या पुढे, हमरस्त्यापासून आत, उसाच्या दोन फडांच्या मध्ये हा कारखाना आहे. बाहेरून कांद्याच्या वखारीसारखा दिसतो. लोहार कोयत्याला पाणी देतो ना, तेच काम इथं मोठ्या प्रमाणावर चालतं. पोलाद तापवायचं आणि झटकन थंड करायचं, म्हणजे ते कडक होतं. पाण्याऐवजी इथं तेल, एवढाच फरक. म्हणजे परवापरवापर्यंत तरी एवढाच होता. मग सुदर्शनने वडिलांच्या हातून कारभार घेतला आणि दोन महिन्यांत नवी भट्टी आणून बसवली. तिच्यात तेलाचा थेंब लागत नाही. पोलाद तिच्या बंद पोटात तापतं आणि तिथंच त्याच्यावर दाबाने नायट्रोजन गॅस सोडून ते थंड करतात. ज्वाळा नाही, धूर नाही, पुसापुशी नाही.

चाकणच्या एका गिऱ्हाइकाने खोदाईच्या मशीनला लागणाऱ्या पिनांचं मोठं काम देऊ केलं होतं. अट अशी की शंभर पिना तेलात करा, शंभर गॅसमध्ये, दोन्ही आम्हाला दाखवा, जे बरं ठरेल ते कायमचं. सुदर्शनने सोमवारी सावळेरामला बाजूला घेऊन सांगितलं होतं की गॅस पास झाला तर दिवाळीनंतर टाकी बंद. धुरावरून शेजारचे शेतकरी तसेही कुरकुरत होते. "तुम्ही लई केलं भाऊ. आता घरी आराम करा," असं तो प्रेमाने म्हणाला. प्रेमाने म्हणाला म्हणूनच सावळेरामला त्यावर काही बोलता आलं नाही. खेकसून बोलला असता तर त्याने चार शब्द तरी ऐकवले असते.

घरी आराम करायचा म्हणजे शिनोलीतल्या दोन खोल्यांत बसायचं. त्याची बायको साळुबाई जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगा सुनील चाकणला, तिसऱ्या मजल्यावर, बायको आणि मुलगी समृद्धी यांच्यासोबत. तो दर रविवारी फोन करी, आणि इकडेच या म्हणे. सावळेराम एकदा आठ दिवस राहूनही आला होता. सकाळी आठला सगळे आपापल्या वाटेने निघून जात, आणि मग संध्याकाळपर्यंत तो गॅलरीत उभा राहून खालचं पार्किंग पाही. त्यापेक्षा शिनोली बरी होती. पण शिनोलीच्या घरातही कुलूप उघडून आत शिरलं की तो आधी मोठ्याने खोकायचा, उगाचच. खोकला नसायचा. घरात कुणाचातरी आवाज व्हावा म्हणून.

म्हणून त्याला टाकी हवी होती. तेलावर त्याचं काही प्रेम होतं असं समजू नका. तेलाने त्याच्या दोन्ही हातांवर डाग दिले होते, आणि साळुबाई असताना ती त्याचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवीत असे. पण टाकीजवळ ऊब असे, त्यामुळे माल भरायला थांबलेले ड्रायव्हर तिथं चहा प्यायला येत. भरत, जो आता नव्या भट्टीवर होता, तोही तिथंच बिडी ओढी. आणि एक वाजता हर्षाली डबा घेऊन येई. हर्षाली अवसरी बुद्रुकची, डिप्लोमा झालेली, कडकपणा तपासायच्या खोलीत बसणारी. वय सव्वीस असेल. ती टाकीशेजारच्या बाकावर बसून जेवे आणि सतत बोले. शेळी व्यायली, वहिनीने यूट्यूबवर बघून केक केला, तो बसला, तरी सगळ्यांनी खाल्ला. सावळेराम हं हं करी. दिवसभरात त्याच्याशी कामाखेरीज बोलणारी ती एकटी होती.

तेलातल्या शंभर पिना धुऊन-पुसून झाल्या तेव्हा हर्षालीने त्या मशीनखाली घातल्या. बावन्नचा आकडा हवा होता, सगळ्यांचा एक्कावन्न ते त्रेपन्नमध्ये आला. कडकपणात काही बोलायला जागा नव्हती. पण सात पिना वाकल्या होत्या. दोन फूट लांबीची पिन तेलात जाते तेव्हा तिच्या सगळ्या बाजूंचं पांघरूण एकदम फाटत नाही. एक बाजू आधी थंड होते, आणि पिन तिकडे ओढली जाते. सावळेरामने त्या सात पिना हाताच्या प्रेसवर घेतल्या आणि दाबून दाबून सरळ केल्या. सातवीला मध्येच तडा गेला. पुण्याच्या माणसाने वहीत काहीतरी लिहिलं.

दुपारी गॅसची पाळी होती. भरतने आणि त्या माणसाने मिळून टोपली भरली. माणूस म्हणाला, आमच्या भट्टीची ताकद दाखवायची तर टोपली गच्च भरा, एका खेपेत शंभर. पिना लाकडाच्या मोळीसारख्या एकमेकींना चिकटून रचल्या गेल्या. दार बंद झालं, भरतने पडद्यावर बोट ठेवलं, आणि नंतर तासन्‌तास बघण्यासारखं काहीच नव्हतं. शेवटी आत पंख्याची घरघर झाली, वादळात पत्रे वाजावेत तशी, आणि थांबली. सावळेराम दाराजवळ कान लावून उभा होता. त्याला त्या आवाजातून काही कळलं नाही.

दार उघडलं तेव्हा मात्र तो बघत राहिला. पिना चांदीसारख्या लख्ख होत्या. डाग नाही, काजळी नाही. सुदर्शनने सपाट दगडावर एकेक पिन गडगडवून पाहिली, एकही वाकलेली नव्हती. वायू सगळ्या बाजूंनी सारखाच लागतो, त्याला पांघरूण नसतं, असं पुण्याच्या माणसाने समजावलं. एवढं स्वच्छ काम आपण सव्वीस वर्षांत एकदाही केलं नाही, हे सावळेरामला दिसत होतं.

तासाभराने हर्षाली तपासणीच्या खोलीतून बाहेर आली ती कागद हातात धरून. शंभरातल्या चौतीस पिना मऊ निघाल्या होत्या. बेचाळीस, त्रेचाळीस, काही चाळीसच्याही खाली.

सुदर्शनचा चेहरा उतरला. पुण्याचा माणूस मात्र हसला, आणि म्हणाला की आमची भट्टी अशी कधीच वागत नाही, बाईंच्या मशीनमध्ये किंवा बाईंच्या हातात काहीतरी चुकतंय. हर्षाली लाल झाली. तिने सगळ्या शंभर पिना पुन्हा तपासल्या. त्याच चौतीस.

सावळेराम त्या मऊ पिना खोक्यात भरत होता. एक पिन उजेडात फिरली तेव्हा त्याला तिच्या अंगावर एक फिकट रेघ दिसली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्याने ती आणखी फिरवली. दुसरी रेघ. मग तिसरी, चौथी. बाकीचं अंग चकचकीत आणि या चार रेघा किंचित मंद, जिथं शेजारच्या चार पिना तिला टेकल्या होत्या तिथं. म्हणजे ही टोपलीच्या ऐन मधली. त्याने पास झालेली एक पिन उचलून पाहिली, तिच्यावर दोनच रेघा होत्या. ती कडेची.

त्याला सगळं एका क्षणात समजलं. तेल असो नाहीतर वारा, थंड करणाऱ्याला पोलादापर्यंत पोचायला वाट लागते. तो स्वतः तेलाच्या टोपलीत दोन पिनांच्या मध्ये दोन बोटांची वाट सोडत असे. कामाला लागला त्या पहिल्या आठवड्यात त्याला हे शिकवलं होतं, आणि नंतर ते इतकं अंगवळणी पडलं की बोलून दाखवायचं त्याला कधी सुचलंच नाही. नव्या भट्टीत कुणीच वाट सोडली नव्हती. मधल्या पिनांना वारा लागलाच नव्हता.

त्याने ती पिन खोक्यात ठेवली, झाकण लावलं आणि घरी गेला.

खोटं कशाला सांगा, त्या संध्याकाळी तो खूश होता. त्याने घोडेगावात उतरून जिलेबी घेतली आणि एकट्याने खाल्ली. सुनीलला आपण होऊन फोन केला, गॅस नापास झाला म्हणून सांगितलं, आता टाकी काही बंद व्हायची नाही. सुनील बरं म्हणाला, आणि पलीकडे समृद्धीला अभ्यासावरून रागावायला लागला. तरी सावळेरामला चांगली झोप लागली. आपण काही केलेलं नाही, असं त्याने मनाला सांगितलं होतं. आपल्याला कुणी विचारलं नाही, आपण सांगितलं नाही.

दोन दिवसांनी गॅसची दुसरी खेप झाली. यावेळी दाब वाढवला. टोपली मात्र तशीच गच्च. एकतीस पिना मऊ आल्या. पुण्याच्या माणसाने फोनवरूनच सांगितलं की दाब वाढवूनही आकडा जवळपास तोच येतो म्हणजे दोष तपासणीचाच आहे. गिऱ्हाईक घाई करत होतं, सुदर्शन चिडलेला होता, आणि चिडलेल्या माणसाला जवळचं माणूस आधी सापडतं. त्याने भरतसमोर हर्षालीला विचारलं की तुला हे मशीन नीट येतं की नाही, नसेल तर मी चाकणहून अनुभवी माणूस बघतो. शिवाय रोज सकाळ-संध्याकाळ गॅसच्या दोन्ही खेपांच्या दोनशेच्या दोनशे पिना पुन्हा तपासून कागद टेबलावर ठेवायला सांगितलं.

त्या दिवसापासून हर्षाली एक वाजता बाकावर आली नाही. सावळेराम डबा उघडून वाट पाहायचा. पहिल्या दिवशी त्याने दहा मिनिटं पाहिली, दुसऱ्या दिवशी वीस. तिसऱ्या दिवशी तो उठून तपासणीच्या खोलीच्या काचेशी गेला. ती पिन मशीनखाली धरून उभी होती, डबा पिशवीतच होता. डोळे सुजलेले दिसत होते.

"जेवून घे पोरी," तो दारातून म्हणाला.

"नको मामा. अजून साठ राहिल्यात." मग तिने मान वर केली. "मामा, तुम्हाला काय वाटतं? माझंच चुकतंय का?"

सावळेरामने खाली पाहिलं. "मला गॅसमधलं काय कळतंय," तो म्हणाला.

बाकावर परत येऊन त्याने भाकरी मोडली. टाकी समोर होती, तिची ऊब होती, सगळं त्याला हवं तसं राहिलं होतं. आणि तो एकटाच जेवत होता. ड्रायव्हर आले, चहा पिऊन गेले. चौथा दिवस तसाच गेला, पाचवाही. तो लबाड माणूस नव्हता, त्यामुळे लबाडी केल्यावर कसं राहायचं हे त्याला माहीत नव्हतं. त्याने भरतला दोनदा विनाकारण फटकारलं. घरी गेल्यावर खोकायचंही सोडून दिलं.

पहिल्या खेपेनंतर बरोबर नवव्या दिवशी, सकाळी, तो त्या खेपेच्या पिनांची दोन्ही खोकी ढकलगाडीवर घालून तपासणीच्या खोलीसमोर आला. रोजच्या तपासणीत मऊ आणि कडक पिना एकमेकींत मिसळल्या होत्या. दारापुढे ऊन पडलं होतं. त्याने फरशीवर पोतं अंथरलं आणि एकेक पिन उन्हात फिरवून मांडायला सुरुवात केली. काही डावीकडे, काही उजवीकडे. हर्षाली बाहेर येऊन उभी राहिली. तिने दोनदा विचारलं, हे काय करताय. तो पिना मांडत राहिला. पाऊण तासाने शंभर पिनांचे दोन ढीग झाले.

"ह्या मऊ," तो उजव्या ढिगाकडे बोट करून म्हणाला. "तुजा कागद आन, आन् बघ."

पिनांवर नंबर होते. ती कागद घेऊन गुडघ्यांवर बसली आणि एकेक नंबर वाचत गेली. डाव्या ढिगात एकही मऊ नव्हती. उजव्या ढिगात छत्तीस होत्या, त्यांतल्या चौतीस कागदावरच्याच.

"दोन चुकल्या माज्या. नजर गेली आता," सावळेराम म्हणाला.

"मामा, मशीनशिवाय कसं ओळखलंत?"

त्याने तिला रेघा दाखवल्या. चार रेघा म्हणजे चारी बाजूंनी कोंडलेली. तिला पहिल्यांदा त्या दिसेनात, मग एकदा दिसल्यावर सगळीकडे दिसायला लागल्या. ती पोत्यावरच फतकल मारून बसली. मग तिने विचारलं, किती अंतर सोडायचं? त्याने दोन बोटं पुढे केली.

"असं नाही. मिलिमीटरमध्ये सांगा. मी स्टँडच करून घेते, म्हणजे पिना हलायच्याच नाहीत."

मिलिमीटर त्याने कधी मोजले नव्हते. तेव्हा ती आतून मापाचा व्हर्नियर घेऊन आली, त्याचा हात आपल्या हातात धरला, बोटं जुळवून सरळ केली आणि त्यांच्यावर पोलादाची थंड टोकं टेकवली. मापात गडबड नको म्हणून तिने तीनदा मोजलं. सावळेराम हात अजिबात न हलवता उभा राहिला. साळुबाई गेल्यापासून त्याचा हात असा कुणी हातात घेतला नव्हता. तिच्या ते गावीही नव्हतं. ती आकडा लिहीत होती.

"सदतीस," ती म्हणाली.

दोन दिवसांत स्टँड तयार झाला. लोखंडी जाळी, तिला सदतीस मिलिमीटर सोडून भोकं, प्रत्येक भोकात एक पिन उभी. शंभराऐवजी एका खेपेत चाळीसच मावत होत्या, पण चाळीसच्या चाळीस बावन्नवर आल्या, आणि सगळ्या सरळ. संध्याकाळपर्यंत सुदर्शनने गिऱ्हाइकाला फोनही करून टाकला. मग त्याने हर्षालीला, भरतसमोरच, माझी चूक झाली म्हणून सांगितलं. तेवढा तो सरळ होता. ही युक्ती कुणाची, असं त्याने विचारलं तेव्हा तिने टाकीकडे बोट केलं.

सुदर्शन टाकीपाशी आला. सावळेराम तेलावरची काजळी जाळीने काढत होता.

"तुमच्या कधी लक्षात आलं, भाऊ?"

"पयल्याच दिवशी."

"मग नऊ दिवस बोलला का नाहीत?"

सावळेरामने जाळी टाकीच्या काठावर आपटून झटकली. "टाकी ऱ्हावी म्हून," तो म्हणाला.

सुदर्शन बाकावर बसला. लहानपणी तो याच टाकीजवळ अभ्यासाला बसत असे, थंडीत. "मग आता का सांगितलंत?" त्याने विचारलं.

"पोरगी जेवत न्हवती."

पुढे सगळं ठरल्याप्रमाणे झालं. दिवाळी झाली. टोपल्या रचायला तरी सावळेरामला ठेवून घ्यावं, असं हर्षालीने सुदर्शनला सुचवून पाहिलं. पण रचायला आता काही उरलं नव्हतं. स्टँडमध्ये भोकं होती, भोकांत पिना घालायच्या, ते भरत पाच मिनिटांत करायचा. सावळेरामला हे तिच्याआधी कळलं होतं. शेवटच्या दिवशी शाल, नारळ, फोटो झाले. सुदर्शनचे वडीलही आले आणि दोन वाक्यं बोलून रडले. सावळेराम रडला नाही. त्याला सगळ्यांचे आभार मानायचे होते, पण उभा राहिल्यावर आठवेना, तेव्हा तो म्हणाला की भरत, तेल पिंपात भरताना गाळून भर, बुडाला गाळ हाय.

त्यानंतरचे दिवस शिनोलीत गेले. तो सकाळी पाचला उठे, कारण सवय. आठ वाजेपर्यंत अंगण झाडून, पाणी भरून, भांडी घासून होई, आणि मग पुढे अख्खा दिवस पडलेला असे. भीमाशंकरला जाणाऱ्या गाड्या दारावरून जात. कुणी रस्ता विचारायला थांबलं तर तो पुढचं वळण, घाट, पार्किंग, सगळं सविस्तर सांगे, त्यांनी विचारलं नसलं तरी. एक पाहुणा गाडी चालू ठेवून ऐकत होता, शेवटी नमस्कार करून निघूनच गेला. एक वाजता जेवायला बसलं की हर्षाली काय बोलत असेल, आणि कुणाशी, असं त्याच्या मनात येई. फोन करावा असं वाटे. पण काम काय म्हणून सांगायचं?

मार्गशीर्षात एका संध्याकाळी तिचाच फोन आला. कारखान्यात नवं काम आलं होतं, मोठ्या रिंगा, एकात एक बसणाऱ्या, चार वेगळ्या मापांच्या. पिनांचा स्टँड त्यांना चालत नव्हता. उभ्या ठेवायच्या की आडव्या, एकावर एक किती, तिला काही नक्की करता येत नव्हतं.

"मामा, उद्या येता का? एक दिवस?"

"येतो की," सावळेराम म्हणाला. आवाज अगदी साधा ठेवायचा त्याने प्रयत्न केला.

त्याने शर्ट धुऊन विस्तवाजवळ वाळवला. दाढी केली. सकाळी भाकरी, वांग्याची भाजी आणि जास्तीची चटणी करून डबा भरला आणि सातलाच रस्त्यावर येऊन उभा राहिला, एसटीला अर्धा-पाऊण तास होता तरी. शेजारचा गेणभाऊ दूध घालायला चालला होता, त्याने विचारलं कुठं निघालास. कारखान्यात अडलंय, बोलावणं आलंय, असं सावळेराम म्हणाला. गेणभाऊने मान डोलावली.

साडेसातला फोन वाजला.

"मामा, निघालात का?" हर्षाली म्हणाली. मागून पंख्याची घरघर ऐकू येत होती. "अहो, भरत पहाटेच आला, आणि त्याने रिंगा रचूनपण टाकल्या. मी फोटो पाठवलाय. तेवढा बघून सांगा ना. बरोबर असेल तर उगाच तुम्हाला हेलपाटा नको एवढा."

"बघतो. थांब," तो म्हणाला.

त्याने चष्मा लावला. फोटो उघडला. रिंगा उभ्या ठेवल्या होत्या, मोठ्या बाहेर, लहान मध्ये, आणि प्रत्येकीच्या भोवती मोकळी जागा सोडली होती. त्याने फोटो मोठा केला. डावा कोपरा पाहिला, उजवा पाहिला. खालची जाळी पाहिली. एखादी तरी रिंग कशाला टेकलेली असेल म्हणून त्याने पुन्हा सगळीकडून पाहिलं. मधली एक थोडी पुढे वाटत होती. तिथंच त्याची नजर बराच वेळ राहिली. प्रत्यक्ष बघितल्याशिवाय सांगता येणार नाही, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. ती लगेच या म्हणाली असती, आणि एक वाजता ते दोघे कुठंतरी बसून जेवले असते.

पण ती रिंग पुढे नव्हती. तो फोटो तिरका काढलेला होता. चूक कुठंच नव्हती.

"बरोबर हाय," तो फोनवर म्हणाला. "भरतला म्हनाव, झ्याक रचलंय. काय बी हलवू नका."

"नक्की ना मामा?"

"नक्की."

ती हसली, बरं म्हणाली, तब्येतीचं विचारलं. तेवढ्यात तिला कुणीतरी हाक मारली आणि फोन बंद झाला.

वळणावरून एसटी आली. ड्रायव्हर ओळखीचा होता, त्याने हात न करताच गाडी थांबवली, आणि कंडक्टरने दार उघडून धरलं. बऱ्याच दिवसांनी, असं तो म्हणाला. सावळेरामने डब्याची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"जाऊ द्या," तो म्हणाला. "मला कुठं जायाचं न्हाई."

कंडक्टरने दार ओढून घेतलं, घंटी दिली, आणि एसटी घोडेगावच्या दिशेने निघून गेली.